कॉलेज फुटबॉलमध्ये भानगड बाहेर आली की आधी काय बघायचं

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये एखादी भानगड बाहेर आली की पहिल्या दिवसापासून सगळे एकाच गोष्टीवर भांडत बसतात, बाउल बॅन (सीझननंतरच्या मोठ्या सामन्यांवर बंदी) लागणार का, स्कॉलरशिप किती कापणार, जुने विन्स काढून घेणार का. माझं म्हणणं असंय की हे सगळं नंतर बघा, आधी एकच शोधा: कोणाला कधी कळलं आणि कळल्यावर त्याने काय केलं. एवढं सापडलं की पाणी कुठे मुरतंय ते आपोआप दिसायला लागतं.

पण त्याच्याही आधी प्रकरण कुठल्या जातीचं आहे ते ठरवा, कारण इथेच बहुतेक लोक गोंधळतात. खेळाडूंना चोरून पैसे देणं, रिक्रूटिंगमध्ये (नवीन खेळाडू कॉलेजात आणताना) चीटिंग, समोरच्या टीमचे सिग्नल चोरणं, हे एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेच्या, नियमपुस्तकातले गुन्हे. आणि एखाद्या मुलीवर अत्याचार झाला, ज्युनियर पोरांचं हेझिंग (रॅगिंग) झालं, प्रॅक्टिसमध्ये कोणी मेलं, तर ते माणसाला झालेलं नुकसान, आणि त्याचा हिशोब मुख्यतः पोलीस, कोर्ट आणि युनिव्हर्सिटीचं टायटल नाइन ऑफिस (शिक्षणातला लिंगभेद आणि लैंगिक छळ रोखणाऱ्या फेडरल कायद्याचं काम बघणारं) यांच्याकडे होतो. बेलर युनिव्हर्सिटीचं बघा. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी नीट हाताळल्या नाहीत म्हणून 2016 मध्ये हेड कोच आर्ट ब्राइल्स गेला, प्रेसिडेंट केन स्टारलाही पदावरून काढलं, पण 2021 मध्ये एनसीएएच्या कमिटीने सांगितलं की हे कितीही वाईट असलं तरी आमचा नियम त्यात मोडला जात नाही, आणि दंड झाला 5,000 डॉलर. त्यामुळे एनसीएएने सोडलं म्हणजे काही घडलंच नाही असा अर्थ कधीच काढू नका.

आता तारखा. एक कोरा कागद घ्या किंवा फोनवर नोट उघडा आणि बातम्यांमधून फक्त तारखा उतरवत जा. ओहायो स्टेटचं टॅटूवालं प्रकरण असंच मांडून बघा. एप्रिल 2010, कोच जिम ट्रेसलला एका वकिलाचा ईमेल येतो की तुमचे खेळाडू जर्सी, ट्रॉफ्या वगैरे टॅटू किंवा पैशांच्या बदल्यात एका टॅटू पार्लरवाल्याला देतायत आणि त्या माणसाची फेडरल चौकशी चालू आहे. तो हे कंप्लायन्स ऑफिसला (युनिव्हर्सिटीत नियम पाळले जातायत का ते बघणाऱ्या ऑफिसला) सांगत नाही. सप्टेंबर 2010, दरवर्षीच्या फॉर्मवर सही करतो की मला कुठल्याही नियमभंगाची माहिती नाही. डिसेंबरमध्ये सरकारी वकिलांकडून युनिव्हर्सिटीला कळतं, खेळाडू सस्पेंड होतात, कोच तरीही गप्प. जानेवारी 2011 मध्ये युनिव्हर्सिटीला ते ईमेल सापडतात आणि 30 मे ला त्याला राजीनामा द्यावा लागतो. पोरांनी स्वतःच्याच वस्तू दिल्या होत्या, ती चूक त्या मानाने छोटी, खरा गुन्हा ती सप्टेंबरची सही, पण एप्रिलचा ईमेल शेजारी ठेवल्याशिवाय तो दिसतच नाही.

मग चौकशी कोणी केली ते बघा. युनिव्हर्सिटी एखादी बाहेरची लॉ फर्म नेमते आणि त्याला स्वतंत्र चौकशी म्हणतात, ठीक आहे, पण पैसे कोण देतंय आणि पूर्ण रिपोर्ट लोकांसमोर आला का हे विचारा. पेन स्टेटने 2012 मध्ये, एका माजी असिस्टंट कोचने मुलांवर केलेल्या अत्याचारांच्या प्रकरणात, चौकशी करणारे लुई फ्री यांचा 267 पानी रिपोर्ट जाहीर केला, त्याच्या निष्कर्षांवर पुढे बरेच वाद झाले, पण निदान वाद घालायला कागद तरी होता. बेलरमध्ये वकिलांनी बोर्डाला तोंडी सांगितलं आणि बाहेर आला तो 13 पानांचा सारांश. नॉर्थवेस्टर्नने 2023 मध्ये हेझिंगच्या चौकशीनंतर कोच पॅट फिट्झजेराल्डला दोन आठवडे सस्पेंड केलं, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या विद्यार्थ्यांच्या पेपरने, द डेली नॉर्थवेस्टर्नने, एका माजी खेळाडूने सांगितलेले तपशील छापले तेव्हा दोन दिवसांत त्याला काढलं. (त्याने नंतर केस केली आणि 2025 मध्ये सेटलमेंट झाली, म्हणून पहिल्या आठवड्यातल्या मथळ्यांवरून कोणालाही कायमचं दोषी ठरवू नका.) कॅम्पसचा पेपर मात्र नक्की वाचा, मोठ्या चॅनेलच्या आधी बऱ्याचदा तिथेच सापडतं.

शिक्षा झाली की ती कोणावर पडली ते बघा, आणि माझा खरा राग इथे आहे. बऱ्याचदा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो. ट्रेसल 2011 मध्येच गेला, बाउल बॅन लागला 2012 च्या टीमला, ती पोरं 12-0 जिंकली आणि घरी बसली, त्यातल्या बहुतेकांचा त्या टॅटूंशी काही संबंध नव्हता. सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीचा (एसएमयू) 1987 चा अख्खा सीझन रद्द झाला, डेथ पेनल्टी म्हणतात ती हीच, पण पकडले गेल्यावरही खेळाडूंना पैसे चालूच ठेवायचं ठरवणाऱ्यांत बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लेमेंट्स होते, आणि हे उघड झालं तेव्हा ते टेक्सासचे गव्हर्नर होते! 2023 मध्ये टेनेसीला बाउल बॅन न देता 80 लाख डॉलर दंड आणि कोच जेरेमी प्रुइटला सहा वर्षांची शो-कॉज ऑर्डर दिली, म्हणजे त्या काळात दुसऱ्या कॉलेजने त्याला घ्यायचं तर एनसीएएसमोर कारण द्यावं लागेल. मला ही पद्धत जास्त न्याय्य वाटते. विन्स रद्द करण्याने फार काही साधत नाही, पेन स्टेटचे काढलेले विन्स 2015 मध्ये परतही दिले.

आणि बदललं काय ते शोधा. मेरीलँडचा 19 वर्षांचा जॉर्डन मॅकनेर 2018 च्या मे महिन्यात प्रॅक्टिसमध्ये पळताना उष्माघाताने कोसळला. अशा वेळी पोराला ताबडतोब बर्फाच्या पाण्याच्या टबमध्ये ठेवायचं असतं, ते झालं नाही, त्याचं टेंपरेचरही मोजलं नाही, अँब्युलन्स त्याला घेऊन निघेपर्यंत दीड तासाच्या वर गेला, आणि दोन आठवड्यांनी तो वारला. 30 ऑक्टोबरला बोर्डाने कोच राहणार असं सांगितलं, कॅम्पस पेटलं, 31 ला प्रेसिडेंटने कोचला काढलं. पण खरी जबाबदारी दिसली ती 2021 मध्ये, त्याच्या नावाने राज्याचा कायदा झाला तेव्हा, ज्यात कॉलेजांना उष्माघाताची तयारी ठेवणं बंधनकारक आहे. असं काहीतरी लेखी सापडलं तर समजा काम झालं, नुसता नवीन कोच आला तर नाही.

शेवटी, तुम्ही स्वतः किंवा तुमचा मुलगा-मुलगी तिथे आत असाल आणि काही चुकीचं दिसलं तर फक्त कोचला सांगून थांबू नका. पेन स्टेटमध्ये 2001 साली एका असिस्टंटने वर सांगितलेल्या त्याच माजी असिस्टंट कोचबद्दल, जेरी सँडस्कीबद्दल, हेड कोच पॅटर्नोला सांगितलं, तिथून अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, व्हाइस प्रेसिडेंट, प्रेसिडेंट असं वर वर गेलं आणि पोलिसांपर्यंत पोचलंच नाही, सँडस्कीला अटक व्हायला 2011 उजाडलं. 2017 मध्ये त्या वरच्या तिघांपैकी दोघांनी गुन्हा कबूल केला आणि प्रेसिडेंटला ज्युरीने दोषी ठरवलं, पण मधल्या दहा वर्षांत मुलांचं काय झालं असेल विचार करा. गुन्हा असेल तर पोलीस आधी. लैंगिक छळ असेल तर टायटल नाइन कोऑर्डिनेटर, तो प्रत्येक कॉलेजात असावाच लागतो, आणि तक्रार केली म्हणून सूड घेणं हाही नियमभंगच आहे. पैशांचं किंवा रिक्रूटिंगचं असेल तर कंप्लायन्स ऑफिस. तोंडी बोललात तरी त्याच दिवशी ईमेल टाका, की आज अमुक वाजता तुम्हाला हे सांगितलं, आणि त्याची कॉपी कॉलेजच्या अकाउंटवर नको, स्वतःच्या अकाउंटवर ठेवा. कॉलेजने दाद दिली नाही तर फेडरल शिक्षण खात्याच्या सिव्हिल राइट्स ऑफिसकडे जाता येतं, पण साधारण 180 दिवसांच्या आत, म्हणून चौकशी चालू आहे थांबा असं कोणी म्हटलं तरी तारीख मोजत राहा. विद्यार्थ्याला स्वतःची शैक्षणिक रेकॉर्ड्स बघायचा हक्क आहे, लेखी मागितली की 45 दिवसांत दाखवावी लागतात, तो अर्जही लगेच टाकून ठेवा.