काणकोणच्या किनाऱ्यावर ग्रॅनाइट कसा वाचावा

कोकणातला दगड म्हटला की जांभ्याचा चिरा डोळ्यांसमोर येतो, नाहीतर काळा बेसाल्ट. या दोहोंच्या खालचा, कैक पटींनी जुना पाया उत्तर कोकणात बेसाल्टच्या थरांखाली गाडला गेला आहे. तो उघडा पाहायचा तर दक्षिण सिंधुदुर्गात आणि त्याहून पुढे गोव्यात उतरावे लागते. ग्रॅनाइटसाठी मी दक्षिण गोव्यातील काणकोणला, पाळोळ्याच्या बाजूच्या खडकांवर जाण्यास सुचवीन, आणि तेही ओहोटी पाहून. अगदी खालचा दगड शेवाळाने व कालवांनी झाकलेला असतो आणि वरचा उन्हापावसाने मळकटलेला असतो. लाटांनी घासलेल्या मधल्या पट्ट्यातच त्याचा खरा रंग दिसतो. सोबत भिंग, होकायंत्र, लहानसा लोहचुंबक आणि वही असावी. हातोडा घरीच ठेवावा, कारण सुटे तुकडे पुरेसे मिळतात.

प्रथम दगड खरोखर ग्रॅनाइट आहे का ते ठरवावे. स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा काळाभोर ‘ग्रॅनाइट’ बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट, म्हणजे शिलारसापासूनच बनलेला पण वेगळा गडद खडक असतो; दुकानदाराची भाषा वेगळी, भूविज्ञानाची वेगळी. खऱ्या ग्रॅनाइटमधल्या फिकट खनिजांत निदान एक पंचमांश क्वार्ट्झ हवा, आणि उरलेला भाग मुख्यतः फेल्डस्पारचा असतो. काणकोणच्या दगडात गुलाबी फेल्डस्पारचे मोठे स्फटिक ठळकपणे उठून दिसतात. तुकडा उन्हात हळूहळू फिरवला की फेल्डस्पारचा सपाट पृष्ठभाग एका विशिष्ट कोनात आरशासारखा चमकतो. क्वार्ट्झ मात्र फुटक्या काचेसारखा करडा राहतो आणि असा चमकत नाही.

हे स्फटिक एकाच दिशेला लांबट पहुडलेले आढळले, तर घाईने निष्कर्ष काढू नये. शिलारस वाहत असताना ते तसे मांडले गेले असतील किंवा दगड घट्ट झाल्यावर भूकवचाच्या दाबाने वळले असतील. निवाडा क्वार्ट्झ करतो. त्याचे कण जसेच्या तसे असतील तर वाहण्याची खूण मानावी. ते ताणून फितीसारखे झाले असतील तर दाब नंतरचा आहे. माझ्या मते किनाऱ्यावर करण्याजोगे सर्वांत मोलाचे निरीक्षण हेच आहे.

यानंतर कोणता दगड कोणाला छेदतो त्याचे चित्र वहीत काढावे. ग्रॅनाइटच्या पोटात पट्टेदार नाइसचा (उष्णता व दाबाने रूपांतरित झालेल्या खडकाचा) तुकडा असेल तर नाइस जुना. डोलेराइटची काळी भिंत (भेगेत शिरून थिजलेल्या शिलारसाची पट्टी) ग्रॅनाइटला चिरत गेली असेल तर ती भिंत नवी. स्कॉटलंडमधील ग्लेन टिल्ट येथे १७८५ साली भूवैज्ञानिक जेम्स हटन यांनी जुन्या खडकात घुसलेल्या ग्रॅनाइटच्या शिरा पाहिल्या आणि ग्रॅनाइट एकेकाळी वितळलेला होता, याचा पुरावा त्यांना मिळाला.

मग वंशावळ शोधावी. चॅपेल आणि व्हाइट या भूवैज्ञानिकांनी १९७४ मध्ये आग्नेय ऑस्ट्रेलियातील ग्रॅनाइटांचे दोन गट पाडले: अग्निजन्य (शिलारसापासून बनलेले) खडक वितळून झालेले ‘आय’ आणि गाळाचे खडक वितळून झालेले ‘एस’. हॉर्नब्लेंड हे गडद खनिज दिसले तर कल पहिल्या गटाकडे, पांढरे अभ्रक व कॉर्डिएराइट ही खनिजे दिसली तर दुसऱ्याकडे. सुट्या तुकड्याचा चुरा करून त्यात लोहचुंबक फिरवावा. मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारे लोहखनिज) असलेला ग्रॅनाइट आणि जवळजवळ नसलेला ग्रॅनाइट हा भेद भूवैज्ञानिक इशिहारा यांनी १९७७ मध्ये मांडला, आणि शिलारसात ऑक्सिजनचे प्रमाण कसे होते याचा सुगावा त्यातून लागतो.

येथे सावध राहावे. रुबिडियम, इट्रियम व निओबियम या मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून ग्रॅनाइट ज्वालामुखी-चापाचा (एक भूपट्ट दुसऱ्याखाली बुडतो तिथल्या ज्वालामुखींच्या रांगेचा), भूपट्टांच्या टकरीचा की भूपट्टाच्या अंतर्भागातला, हे सांगणारे पिअर्स व सहकाऱ्यांचे १९८४चे आलेख आजही सर्रास वापरले जातात. परंतु ग्रॅनाइटचे रसायन बरेचसे वितळलेल्या मूळ खडकाकडून आलेले असते. जुन्या चापाचा खडक कोट्यवधी वर्षांनी, चाप विझून गेल्यावर वितळला, तरी आलेखावर ठिपका चापातच पडेल. नातवाच्या नाकावरून आजोबा ओळखता येतात, नातू कोणत्या गावी जन्मला ते कळत नाही. म्हणून आलेखाला छेदसंबंध आणि वय यांची जोड हवीच.

वयासाठी झिर्कॉन उत्तम. हे खनिज घडताना युरेनियम सामावून घेते, शिसे जवळजवळ घेत नाही, त्यामुळे आत सापडणारे शिसे बहुतांशी युरेनियमच्या क्षयातून आलेले असते. काणकोणच्या ग्रॅनाइटचे वय मात्र पूर्वी वेगळ्या, रुबिडियमच्या स्ट्रॉन्शियममध्ये होणाऱ्या क्षयावर आधारलेल्या पद्धतीने काढले गेले; ते सुमारे २४० कोटी वर्षे असून त्यातील अनिश्चितता मागेपुढे ३९ कोटी वर्षांची आहे. एवढ्या अवधीत एखादा महासागर उघडून मिटूनही जाईल! त्याच पद्धतीने गोवा-कर्नाटक सीमेवरील अनमोड घाटातील नाइसचे वय सुमारे ३४० कोटी वर्षे आले, त्यामुळे कोण आधी, कोण नंतर एवढे मात्र निश्चित सांगता येते.

हा क्रम समुद्रापार जुळवण्यासाठी लागतो. मादागास्कर भारतापासून सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी विलग झाले आणि त्याच्या ईशान्येकडील आंतोंजिल भागाची तुलना दक्षिण भारतातील धारवाड या अतिप्राचीन भूखंडाशी केली जाते. अशा जुळणीत एकच वय जुळणे योगायोग ठरू शकतो. नाइस, त्यात घुसलेला ग्रॅनाइट आणि त्याला छेदणाऱ्या भिंती यांचा संपूर्ण क्रम जुळला, तरच तुलनेला वजन येते. म्हणून प्रत्येक भिंतीची जागा, जाडी आणि दिशा नोंदवावी. दिशा घेताना खिशातला लोहचुंबक आधी दूर ठेवावा, नाहीतर होकायंत्राचा काटा उत्तर सोडून खिशाकडेच वळतो.