ओएसपीएफ शिकताना: चार ओळी सोप्या, शेजार जुळवणं कठीण

ओएसपीएफ म्हणजे राउटरांनी एकमेकांना माहिती देऊन सगळ्यांत स्वस्त रस्ता निवडायचा राउटिंग प्रोटोकॉल. त्याच्या कमांड पाठ व्हायला अर्धा तास पुरतो. दिवस जातात ते नेबर, म्हणजे शेजारचे राउटर, जुळवण्यात, आणि मुलाखतीतले प्रश्नही तिथलेच असतात. सिस्कोच्या सीसीएनए 200-301 परीक्षेत खोलात विचारला जाणारा राउटिंग प्रोटोकॉल हाच, तोही सिंगल-एरियापुरता (सगळे राउटर एकाच गटात). नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये नेटवर्क सपोर्टची जागा शोधणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सिम्युलेटरमध्ये तीन राउटर घ्या आणि त्यांना नावं द्या: बर्डी, हिंगणा, मिहान. आर1, आर2 पेक्षा ओळखीची नावं बरी, कुठे काय तुटलं ते पटकन कळतं. तिघांना त्रिकोणात जोडा. लिंकना 10.1.12.0, 10.1.13.0 आणि 10.1.23.0, तिन्ही /30. प्रत्येकामागे /24 चा एकेक लॅन. आयपी देऊन झाले की आधी शेजारच्या टोकाला पिंग करा. पिंगच जात नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता बर्डीवर ‘राउटर ओएसपीएफ 1’. हा 1 त्या राउटरपुरता असतो, दुसरीकडे 7 असला तरी चालतं. एरियाचा आकडा मात्र लिंकच्या दोन्ही टोकांना सारखाच हवा. मग ‘राउटर-आयडी 1.1.1.1’ हाताने द्या, ही त्या राउटरची ओळख. नाही दिला तर राउटर लूपबॅकमधला (आभासी इंटरफेसमधला) सर्वांत मोठा आयपी उचलतो, लूपबॅक नसेल तर चालू इंटरफेसमधला. नंतर बदलायचा झाल्यास ‘क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस’ द्यावं लागतं आणि सगळे नेबर एकदा तुटतात. चालू ऑफिसात भरदुपारी हे करू नये.

‘नेटवर्क 10.1.12.0 0.0.0.3 एरिया 0’ या ओळीबद्दल जवळजवळ सगळ्यांचाच गैरसमज होतो. ही ओळ ते नेटवर्क जाहीर करत नाही. ज्या इंटरफेसचा आयपी या चौकटीत बसतो त्यावर ओएसपीएफ सुरू करते, आणि जाहीर होतो तो त्या इंटरफेसचा स्वतःचा सबनेट. वाइल्डकार्ड (इथला 0.0.0.3) म्हणजे 255.255.255.255 मधून मास्क वजा. लॅनच्या बाजूला ‘पॅसिव्ह-इंटरफेस’ लावा, तिथल्या पीसींना हॅलो (नेबर शोधायची छोटी पॅकेट) पाठवून उपयोग नाही. हीच ओळ चुकून लिंकवर पडली तर नेबर गायब होतो आणि एररही येत नाही.

यानंतर ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’. टेबल रिकामं असेल तर हॅलो जुळत नाहीये: एरिया, सबनेट मास्क, पासवर्ड किंवा टायमर. इथरनेटवर हॅलो 10 सेकंदांना, डेड, म्हणजे हॅलो न आल्यास नेबर गेला असं मानायचा टायमर, 40 सेकंदांचा. एका टोकाला कुणी बदलला की संपलं. ‘इनिट’वर अडकला तर समोरच्याचा हॅलो इकडे येतोय, इकडचा तिकडे पोचत नाही, बहुतेकदा कुठलीतरी अ‍ॅक्सेस लिस्ट (पॅकेट गाळणारी यादी) हॅलोचा पत्ता 224.0.0.5 अडवत असते. ‘एक्स्टार्ट’ दिसला की पहिला संशय एमटीयूवर (पॅकेटचा कमाल आकार). एका टोकाला 1500, दुसऱ्याला 1476 असं टनेलवर हमखास होतं. ‘एमटीयू-इग्नोर’ लावलं की नेबर जुळतो, पण मोठी पॅकेट पुढे गळू शकतात. म्हणून आकडे सारखे करणं हाच इलाज. ‘टू-वे’ बघून मात्र घाबरू नका. एकाच स्विचवर चार-पाच राउटर असले की डीआर-बीडीआर (निवडलेला मुख्य आणि राखीव राउटर) सोडून उरलेले आपसात टू-वेलाच थांबतात.

नेबर ‘फुल’ आहे, पण हिंगण्याचा लॅन बर्डीला दिसत नाही? हिंगण्यावर त्या लॅनची नेटवर्क ओळ राहिली असणार.

कॉस्ट म्हणजे रस्त्याची किंमत, कमी तितकी बरी. तिचं गणित जुन्या काळातलं आहे: 100 एमबीपीएस भागिले लिंकचा वेग. त्यामुळे फास्ट इथरनेट आणि गिगाबिट दोघांचीही कॉस्ट 1, आणि राउटरला संथ रस्ताही तितकाच चांगला वाटतो. ‘ऑटो-कॉस्ट रेफरन्स-बँडविड्थ 10000’ द्या, म्हणजे गिगाबिट 10 आणि फास्ट 100 होईल. तिन्ही राउटरवर एकच आकडा हवा.

इंटरनेटची लाइन बर्डीवर असेल तर तिथे ‘डिफॉल्ट-इन्फॉर्मेशन ओरिजिनेट’ द्या, म्हणजे डिफॉल्ट राउट (बाहेरचा रस्ता) बाकीच्या राउटरांनाही कळतो. मात्र बर्डीच्या स्वतःच्या टेबलमध्ये डिफॉल्ट राउट नसेल तर ती ओळ गप्प बसते.

शेवटी बर्डी-मिहान लिंक शटडाउन करून बघा, ट्रॅफिक हिंगण्यावरून वळायला हवं. थेट केबल असेल तर लगेच वळतं; मध्ये स्विच असेल आणि त्याच्या पलीकडची लिंक तुटली, तर डेड टायमरचे 40 सेकंद जातात. आणि खऱ्या राउटरवर काम करत असाल तर ‘राइट मेमरी’ आधी, म्हणजे कॉन्फिगरेशन सेव्ह होतं. मे महिन्यात नागपुरात वावटळ उठली की लाइट जायला वेळ लागत नाही.