निवेदन तुटते तिथला सांधा

एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी मी अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगट यांची ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ (1969) ही कादंबरी निवडली, तेव्हा आघाताने मन विस्कटते म्हणून निवेदनही विस्कटते, एवढे एकच सूत्र माझ्या हाताशी होते. त्याच सूत्रावर लिहिलेले पहिले प्रकरण मार्गदर्शकांनी ‘हे कोणत्याही कादंबरीबद्दल लिहिता येईल’ असा शेरा मारून परत केले. राग आला, पण शेरा खरा होता.

दुसऱ्या वाचनात मी वहीत फक्त सांधे टिपले: निवेदन कशावर तुटले, कुठे गेले आणि कशाला धरून परतले. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांनी सिद्धान्ताची पुस्तके उघडण्यापूर्वी हे कंटाळवाणे काम करावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी 1945 मध्ये, जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावर बॉम्बवर्षाव झाला, तेव्हा युद्धकैदी असलेले व्हॉनेगट तिथल्या कत्तलखान्याच्या तळघरात, मांस साठवण्याच्या जागेत वाचले. कादंबरीत मात्र ती रात्र आठव्या प्रकरणापर्यंत लांबते. आपल्या लग्नाच्या 18व्या वाढदिवसाच्या मेजवानीत चौघांचे गाणे ऐकताना नायक बिली कासावीस होतो, माडीवर जाऊन पडतो आणि मग त्याला आठवतात ते ड्रेस्डेनमधले चार जर्मन पहारेकरी: तोंडे उघडी, आवाज नाही, जणू मूकपटातले गायक. एरवी काळातून सतत इकडेतिकडे फेकला जाणारा बिली या रात्रीत जाऊन पडत नाही. ती त्याला केवळ आठवते. माझ्या प्रबंधाचा कणा या एका फरकात सापडला.

निवेदनात पडणारे सगळेच खंड काही लपवण्यासाठी नसतात. युद्धकैद्यांच्या छावणीच्या संडासात एक आजारी सैनिक विव्हळत असतो आणि तो सैनिक म्हणजे मीच, असे लेखक मध्येच सांगून जातो. इथे खंड साक्ष देतो. प्रत्येक मृत्यूनंतर येणारे ‘सो इट गोज’ (‘असं चालायचंच’) हे वाक्य मी सुरुवातीला निव्वळ बेफिकिरी समजलो होतो. पण तेच वाक्य मेलेल्या उवांनंतर आणि फसफस गेलेल्या शॅम्पेननंतरही येते, त्यामुळे लहानमोठ्या मरणांतला फरक करण्याचे काम वाचकाच्या अंगावर पडते. शॅम्पेनची नोंद थिल्लर वाटून मी वहीतून दोनदा खोडली होती. पुढे तिसरे प्रकरण तिच्यावरच उभे राहिले.