‘गो’ वापरताना या चुका टाळा

साताऱ्यात मुलांना इंग्रजी बोलायला शिकवताना माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो ‘गो’वर. पहिलीतल्या पोराला येणारं हे क्रियापद, पण मुलाखतीला बसलेला पदवीधरही नेमका इथेच अडखळतो.

‘डिड यू वेंट टू कास?’ ही चूक रोज कानावर येते. ‘डिड’मध्ये भूतकाळ येऊन गेला, आता क्रियापद मूळ रूपातच हवं: ‘डिड यू गो’. ‘आय हॅव वेंट’ही चूक, तिथे ‘गॉन’ लागतं. मग मुलं विचारतात, ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ कसा? ‘पाठ कर’ हे उत्तर मला पटत नाही, कारण खरं कारण सांगण्यासारखं आहे. ‘वेंट’ मुळात ‘गो’चं नाहीच. वळणे, वाट धरणे अशा अर्थाचं ‘वेंड’ हे वेगळं क्रियापद होतं. ‘सेंड-सेंट’, ‘बेंड-बेंट’, तसंच ‘वेंड-वेंट’. जुन्या इंग्रजीत ‘गो’चा भूतकाळ ‘इओडे’ असा काहीसा होता. तो मागे पडला आणि १५व्या शतकाच्या सुमारास ‘वेंट’ त्याच्या जागी पक्कं बसलं. मराठीत तरी वेगळं काय आहे? ‘जाणे’चं ‘गेला’ होतं. ‘जा’ आलं संस्कृतच्या ‘या’ धातूवरून, ‘गेला’ आलं ‘गम्’च्या ‘गत’वरून. हे फळ्यावर मांडलं की ‘वेंट’ची भीती जाते.

दुसरी चूक व्याकरणात बसते, म्हणून लक्षात येत नाही. मुलाखतीत मुलगा सांगतो, ‘आय हॅव गॉन टू पुणे फॉर ट्रेनिंग’. अहो, तुम्ही तर समोर बसलाय! ‘हॅज गॉन टू कराड’ म्हणजे माणूस कराडला गेलाय, अजून परतला नाही. जाऊन आला असेल तर ‘हॅज बीन टू कराड’. ‘गेलाय’ आणि ‘जाऊन आलाय’ यांत आपण कधी गल्लत करत नाही, मग तोच फरक इंग्रजीतही पाळायचा.

‘गो टू होम’ही तसंच. आपण ‘सांगलीला जा’ म्हणतो, पण ‘घराला जा’ म्हणत नाही, ‘घरी जा’ म्हणतो. ‘घरी’मध्येच दिशा आली, वेगळा ‘ला’ नको. इंग्रजीत ‘होम’, ‘देअर’, ‘अब्रॉड’ हे शब्द असेच आहेत, त्यांच्याआधी ‘टू’ येत नाही. ‘गो होम’, ‘गो देअर’.

निघताना आपल्याकडे ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. ही रीत मला फार आवडते, पण इंग्रजीत ती जशीच्या तशी नेली तर घोटाळा होतो. दारातून निघताना ‘आय अ‍ॅम कमिंग’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, हा आत येतोय. तिथे ‘आय अ‍ॅम गोइंग’ किंवा ‘सी यू’ म्हणावं. उलट आई स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारते तेव्हा मात्र ‘कमिंग’च बरोबर.

‘गो फॉर शॉपिंग’ऐवजी ‘गो शॉपिंग’ म्हणा. दूध नासलं तर ‘द मिल्क हॅज गॉन बॅड’. आणि मुलगी शिकायला जाते ती ‘गोज टू स्कूल’, पण पालकसभेसाठी आई जाते तेव्हा ‘गोज टू द स्कूल’.