कार्पल टनेल सिंड्रोम: निदानापासून शस्त्रक्रियेनंतरपर्यंत या चुका टाळा

रात्री मुंग्या येऊन जाग येणे, हात झटकल्यावर किंवा पलंगावरून खाली सोडल्यावर बरे वाटणे आणि दिवसा सुईत दोरा ओवताना किंवा शर्टाचे बटण लावताना बोटांनी दगा देणे, एवढी स्पष्ट लक्षणे असूनही पुष्कळ जण डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी 'झोपेत हात अवघडला असेल' असे म्हणत कितीतरी महिने घालवतात. मनगटात तळव्याच्या बाजूला हाडांची कमान आणि तिच्यावर ताणलेला जाड अस्थिबंध यांच्यामध्ये 'कार्पल टनेल' नावाचा एक चिंचोळा बोगदा असतो. बोटे व अंगठा वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि मीडियन नावाचा मज्जातंतू यांना त्याच बोगद्यातून जावे लागते. आतली सूज थोडी जरी वाढली, तरी या दाटीवाटीत सर्वात आधी चेंगरतो तो मज्जातंतूच.

पहिली चूक निदानाच्या वेळीच होते. हात बधिर झाला की मानेचा एक्स-रे काढला जातो, त्यात वयोमानाने झालेली मणक्यांची झीज दिसते आणि रुग्णाच्या गळ्यात महिनोन्महिने कॉलर पडते. चाळिशीनंतर अशी झीज काहीही त्रास नसलेल्यांच्या एक्स-रेमध्येही आढळते, ही गोष्ट मात्र त्याला कोणी सांगत नाही. शिवाय मनगटातील दाबामुळे कळ कधी कधी कोपरापर्यंत, अगदी खांद्यापर्यंतही चढते, त्यामुळे मानेवरचा संशय आणखी पक्का होतो. म्हणून मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात, हे दोन-तीन रात्री नीट पाहून लिहून ठेवावे. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू एवढाच मीडियन मज्जातंतूचा प्रदेश आहे. करंगळीची संवेदना दुसऱ्या मज्जातंतूकडे असते. केवळ करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू बधिर होत असेल, तर तो दुसरा मज्जातंतू जिथे दबू शकतो त्या कोपराची तपासणी व्हायला हवी. मान वळवताच हातात कळ जात असेल, तर मानेचा विचार करणे योग्यच आहे आणि काही जणांना दोन्ही त्रास एकाच वेळी असू शकतात, हेही लक्षात ठेवावे.

तपासणी न करता ताकदीची, म्हणजे बी-१२ सारख्या जीवनसत्त्वांची, इंजेक्शने घेत राहणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. रक्ततपासणीत बी-१२ कमी आढळले तर ते अवश्य घ्यावे, पण त्याने बोगदा रुंद होत नाही. बी-६ तर दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास स्वतःच मज्जातंतूंना इजा करते. त्याऐवजी मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि संधिवात यांची तपासणी करून घेणे कितीतरी अधिक उपयोगाचे आहे. गरोदरपणात सुरू झालेला त्रास बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो, त्यामुळे तिथे घाई नको.

सौम्य आजारात रात्री मनगटाला स्प्लिंट, म्हणजे मनगट स्थिर ठेवणारा आधारपट्टा, बांधणे हा साधा आणि चांगला उपाय आहे, मात्र तो चुकीच्या पद्धतीने केला जातो. दुकानात मिळणाऱ्या अनेक स्प्लिंटमधील धातूची पट्टी मनगट मागे वाकवलेल्या स्थितीत ठेवते. ती सरळ करून घ्यावी, कारण मनगट पुढे किंवा मागे वाकले की बोगद्यातील दाब वाढतो. घट्ट क्रेप बँडेज हा स्प्लिंटला पर्याय नव्हे. आठवडाभरात फरक पडला नाही म्हणून स्प्लिंट काढून न ठेवता किमान सहा आठवडे वापरावा. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने अनेकांना काही आठवडे ते काही महिने आराम मिळतो, परंतु तेवढ्यावरून आजार संपला असे समजू नये.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे वेदना कमी झाल्यावर निर्धास्त होणे. मज्जातंतू फार काळ दबून राहिला की कळ ओसरते आणि तिची जागा कायमचा बधिरपणा घेतो. हातातून कपबशी निसटू लागते आणि अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट होत जातो. हा स्नायू पूर्ण सुकल्यानंतर शस्त्रक्रिया करूनही तो परत भरेलच अशी खात्री देता येत नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, बधिरपणा दिवसभर टिकू लागला की थांबू नये.

शस्त्रक्रियेत तो अस्थिबंध कापून मज्जातंतूवरील दाब दूर करतात. बहुधा फक्त हात बधिर करून थोड्याच वेळात हे काम होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. त्यानंतर हात झोळीत अडकवून निश्चल ठेवू नये. तो हृदयाच्या पातळीच्या वर ठेवावा आणि बोटे पहिल्या दिवसापासून पूर्ण उघडून-मिटून हलवावीत, नाहीतर सूज व आखडलेपणा वाढतो. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात, तोवर जखम कोरडी ठेवावी आणि तिच्यावर हळद किंवा तेल लावू नये. भाकरी थापणे, कपडे पिळणे, भरलेली बादली उचलणे ही कामे सर्जनने परवानगी देईपर्यंत, म्हणजे बहुधा सहा ते आठ आठवडे, दुसऱ्यांवर सोपवावीत. तळव्याच्या मुळाशी, छेदाच्या दोन्ही बाजूंना दाबल्यावर होणारे दुखणे तीन ते सहा महिने टिकू शकते. ते शस्त्रक्रिया फसल्याचे लक्षण नव्हे.

रात्रीच्या मुंग्या लवकर थांबतात, बधिरपणाला मात्र वेळ लागतो. इजा झालेला मज्जातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पोहोचायला सहा महिने सहज लागतात. याउलट लालसरपणा, पू, ताप किंवा जखमेच्या मानाने अतोनात वेदना आणि ताठर सुजलेली बोटे दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एखादे बोट शस्त्रक्रियेनंतर नव्यानेच बधिर झाले असेल, तर तेही लगेच सांगावे. रात्रीच्या मुंग्या काही आठवड्यांनंतरही पूर्वीइतक्याच असतील, तर अस्थिबंध अर्धवट कापला गेला का किंवा मुळात निदानच चुकले का, हे तपासावे लागते. अशा वेळी नर्व्ह कंडक्शनची, म्हणजे मज्जातंतूतून संदेश कसा वाहतो हे मोजणारी, चाचणी पुन्हा करतात आणि तिचा अर्थ जुन्या अहवालाशी ताडूनच लावता येतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा अहवाल जपून ठेवावा.