बॅटरीचा लाल दिवा आणि खारा वारा

मालवणहून देवगडला परतताना डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागला, आणि बॅटरी गेली असे समजून मी नवी घ्यायला निघालोच होतो. वास्तविक तो दिवा बहुधा चार्जिंग होत नसल्याचे सांगतो. एसी बंद ठेवून घर गाठले. इंजिन चालू असताना बॅटरीला मल्टिमीटर लावला, तर १३.८ ते १४.४ व्होल्टऐवजी जेमतेम १२.१ दिसले. अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) फिरवणारा पट्टा घट्ट होता. मात्र अल्टरनेटरमागच्या कनेक्टरच्या पिनांवर खाऱ्या वाऱ्याने हिरवट थर चढला होता (आमच्याकडे खिडकीचे गजही त्यातून सुटत नाहीत). इंजिन बंद करून, बॅटरीच्या ऋण टोकाची वायर काढून, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने पिना घासल्या. सारे जोडून गाडी सुरू केल्यावर दिवा विझला आणि मीटरवर १४.२ व्होल्ट आले.