फुलदाणीसाठी फुलझाडं निवडताना या चुका टाळा

पहिली चूक बी घेतानाच होते. आपण पाकिटावरचं फूल बघतो, दांड्याची चौकशी करत नाही. बुटका झेंडू कुंडीत शोभतो, पण फुलदाणीत त्याची मान काठावरही येत नाही. जास्वंद एका दिवसात मिटते. मोगरा गजऱ्यासाठीच बरा. कापायलाच फुलं हवी असतील तर मी निशिगंध, ग्लॅडिओलस, अॅस्टर, शेवंती, उंच झिनिया आणि कोंबडा एवढ्यांवरच भर देईन. ट्युलिपच्या कंदांवर पैसे घालू नका. त्यांना कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते, कोल्हापूरचा हिवाळा तिथे पुरत नाही.

दुसरी चूक म्हणजे पावसाचा विचार न करणं. आपल्याकडे जून-जुलैत झड लागली की काळ्या मातीत पाणी तुंबतं आणि ग्लॅडिओलसचे कंद जागच्या जागी कुजतात. ग्लॅडिओलस आणि अॅस्टर गणपती झाल्यावर, पाऊस ओसरला की लावा. तेसुद्धा गादीवाफ्यावर, म्हणजे माती चढवून उंच केलेल्या वाफ्यावर.

शेवंतीच्या बाबतीत मात्र मी स्वतः दोन वर्षं फसले. रोपं हिरवीगार, शेणखत भरपूर, आणि दिवाळी उलटली तरी एक कळी नाही. खत वाढवलं, तर पानंच वाढली. कारण होतं कुंपणाबाहेरचा रस्त्यावरचा दिवा. रात्र मोठी झाली की शेवंती कळ्या धरते, पण तो अंधार सलग लागतो. रात्रभर उजेड पडत राहिला तर झाडाला दिवस लहान झाल्याचं कळतच नाही. तिसऱ्या वर्षी तीच रोपं घरामागे, दिव्याच्या आड हलवली आणि डिसेंबरात कापून संपेनात इतकी फुलं आली. म्हणून जागा ठरवण्याआधी रात्री नऊ वाजता एकदा बागेत जाऊन उभं राहा.

निशिगंधाला नुसती पानं येतात, दांडा येत नाही, ही तक्रार मी बऱ्याच जणींकडून ऐकते. बहुतेक वेळा कंद बारीक असतात. दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा जाड कंद निवडून एप्रिल-मे महिन्यात लावा. तीन वर्षं झाली की गड्डे दाटतात, तेव्हा काढून, वेगळे करून पुन्हा लावा. आणि ऊन हवंच. आंब्याखाली निशिगंध फुलायचा नाही.

बाग चांगली असूनही फुलं दुसऱ्या दिवशी माना टाकत असतील तर दोष कापण्याच्या वेळेचा असतो. झिनियाचा दांडा फुलाखाली वीतभर अंतरावर धरून हलवा. वाकला तर फूल अजून कच्चं आहे, ताठ राहिला तर कापा. ग्लॅडिओलस उलट लवकर कापायचा, खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसला की लगेच. मात्र झाडावर चार पानं राहू द्या, नाहीतर पुढच्या वर्षीचा कंद पोसत नाही. कापणी सकाळी, पाण्याची बादली सोबत घेऊनच. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका आणि पाणी रोज बदला.

एक राहिलंच. फुलांच्या मधे भरायला हिरवं काही लावायला आपण विसरतो. मी वाफ्याच्या कडेला दवणा लावते, जोतिबाला वाहतात तोच. चार काड्या फुलदाणीत खोचल्या की खोलीभर वास दरवळतो.